तलावाच्या भिंतीतील फिटिंग बदलताना : नळकाम आणि ताडपत्रीवाल्यांसाठी एक धडा

मेढा हे जावली तालुक्याचे ठिकाण, वेण्णा नदीच्या काठचे. केळघरचा घाट चढून गेले की महाबळेश्वर, दुसऱ्या अंगाला कासचे पठार आणि पलीकडे बामणोली-तापोळ्याचे पाणी. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पर्यटक येतात तिथे हॉटेले होतात, आणि हॉटेल झाले की पोहण्याचा तलावही हवा असतो. असे काही तलाव फरशीचे असतात, तर काहींना आतून निळ्या विनाईलचे अस्तर लावलेले असते. या अस्तराला कारागीर 'लायनर' म्हणतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. तलावाशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की लायनर म्हणजे शेवटी शिवलेल्या कपड्यासारखाच एक मोठा नग आहे. त्याला माप आहे, जोड आहे, ताण आहे, आणि त्यात कापलेली भोके म्हणजे कपड्यातली काजेच. रेक्झिन आणि ताडपत्री आम्ही वर्षानुवर्षे विकली. त्या तजुर्ब्यावर आणि घरात झालेल्या एका नुकसानीवर हा धडा लिहीत आहोत.

नुकसान कसे झाले

आमचा एक भाचा नळकाम करतो. एका हॉटेलमालकाने त्याला तलावातील पाणी सोडणाऱ्या फिटिंगचे ब्रॅकेट बदलायला बोलावले. ब्रॅकेट म्हणजे भिंतीत बसवलेले प्लास्टिकचे कडे, ज्याच्यावर लायनर दाबून प्लेट आवळतात. ते तडकले होते आणि पाणी भिंतीमागे जात होते. महिना मे. भाच्याने सरळ मोटर लावून सगळा तलाव कोरडा केला. कडे बाजारातून यायला दोन दिवस लागले. दोन दिवस ते जुने लायनर उन्हात कोरडे पडून राहिले. नवे कडे बसवून पाणी भरायला घेतले, तेव्हा लायनर कोपऱ्यात भिंतीला टेकेचना. पाण्याच्या वजनाने ते ताणले गेले आणि आधी कोपरा, मग फिटिंगची कड फाटली. छोट्या कामाच्या मजुरीसाठी गेलेला मुलगा अख्ख्या लायनरचा देणेकरी झाला. मोटरसायकल विकली, उरलेली रक्कम हप्त्याने फेडली.

तो आम्हाला म्हणाला, "मामू, पाणी काढल्याशिवाय काम करायचे तरी कसे?" प्रश्न बरोबर होता. फक्त तो काम घेण्याआधी विचारायला हवा होता.

माल ओळखा

विनाईल म्हणजे पी.व्ही.सी. हा माल मुळात कडक. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतील वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने तो मऊ करण्याची रीत काढली. आपले रेक्झिन त्याच रीतीतून आले. मऊपणा येतो तो मालात मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्यामुळे. ऊन, क्लोरिन आणि वर्षे यांनी हे द्रव्य हळूहळू निघून जाते. सुती कापडाची खळ गेली की कापड मऊ पडते. इथे उलटे आहे. द्रव्य गेले की माल कडक होतो आणि आटतो. पाणी आहे तोवर पाण्याचा दाब त्याला भिंतीशी धरून ठेवतो. पाणी काढले की तो आटतो आणि पुन्हा तेवढा ताणला जात नाही. म्हणून जुन्या लायनरचा तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये.

आपल्या भागात दुसरे कारण पावसाचे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मेढ्याच्या खोऱ्यातही पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असते. आत पाणी नाही आणि बाहेर जमिनीत पाणी आहे, अशा वेळी लायनर खालून फुगून वर येते आणि घडी पडते. भाच्यासारखे काम जुलैत केले असते तर नुकसान वेगळ्या वाटेने झाले असते, पण झाले असतेच.

एक सूचना शेततळ्याचे काम करणाऱ्यांसाठी. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगाव प्लास्टिकचे अस्तर दिसू लागले. ते बहुधा ५०० मायक्रॉनचे एच.डी.पी.ई. असते, विनाईल नव्हे. विनाईलला डिंकाने ठिगळ बसते. एच.डी.पी.ई.वर तो डिंक धरत नाही, ते उष्णतेनेच जोडावे लागते. दोन्ही माल सारखे समजून काम घेऊ नये.

आधी गळती नक्की करा

पाणी कमी होते म्हणजे गळतेच असे नाही, उन्हाने उडतेही. त्यासाठी बादलीची रीत आहे. तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवावी आणि तलावाच्या पातळीइतके पाणी तिच्यात भरावे. आत-बाहेर खूण करून चोवीस तास पंप बंद ठेवावा. दोन्हीकडे सारखेच उतरले तर ते ऊन. तलावात जास्त उतरले तर गळती. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर पाणी उतरले तर पाचशे लिटर गेले. हा हिशोब मालकाला सांगितला की दुरुस्तीची किंमत त्याला महाग वाटत नाही.

पाणी उतरत उतरत फिटिंगच्या उंचीला येऊन थांबले तर संशय त्याच फिटिंगवर घ्यावा. पंप बंद असताना सुईविना सिरिंजमधून खाण्याच्या रंगाचे दोन थेंब प्लेटच्या कडेला सोडावेत. रंग आत ओढला गेला तर जागा सापडली.

सामान जवळ आल्याशिवाय स्क्रू सोडू नका

नवे फिटिंग त्याच बनावटीचे आणि त्याच मापाचे आणावे. प्लेटचा व्यास, स्क्रूंची संख्या आणि दोन स्क्रूंमधले अंतर जुन्याशी ताडून पाहावे. नवी प्लेट लहान निघाली आणि लायनरचे भोक तिच्याबाहेर राहिले, तर ते काम होत नाही. गॅस्केट दोन्ही नवीन घ्यावीत. जुने रबर एकदा दबले की पुन्हा उठत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि जुन्याच लांबीचे असावेत. जास्त लांब स्क्रू मागे अडतो. हाताला तो घट्ट लागतो, पण प्लेट दाबली गेलेली नसते.

जुन्या स्क्रूचे आटे गेले असतील तर त्याच लांबीचा एक नंबर जाड स्क्रू चालतो. कडेच तडकले असेल तर मात्र कडे बदलण्याला पर्याय नाही. वरून सिलिकॉन थापून दिलेले काम एका हंगामात परत येते, आणि कारागिराचे नाव त्याच्याआधी खराब होते.

कामाची रीत

पहिले, पंप बंद करून त्या नळीचा व्हॉल्व्ह बंद करावा. तलावात दिवा असेल तर त्याची वीज मुख्य स्विचवरून तोडावी. दिव्याच्या फिटिंगला हात लावायचा असेल तर परवानाधारक वायरमन बरोबर हवाच.

दुसरे, पाणी फक्त फिटिंगच्या खालच्या कडेपासून वीतभर खाली उतरवावे. तेवढे पुरते. खालचे पाणी बाकीचे लायनर जागेवर धरून ठेवते.

तिसरे, वेळ दुपारची निवडावी. हिवाळ्यात मेढ्याच्या थंडीत विनाईल कडक असते. ऊन लागून ते मऊ झाले की हाताळायला सोपे जाते. तेवढे ऊन नसेल तर गरम पाण्यात भिजवलेले फडके फिटिंगभोवती धरावे.

चौथे, प्लेट काढण्याआधी सर्वांत वरच्या स्क्रूच्या जागी प्लेटवर, आणि प्लेटच्या कडेबाहेर लायनरवर, मेणाच्या पेन्सिलने खूण करावी. ही खूण क्षुल्लक वाटते, पण पुढचे सगळे काम तिच्यावर आहे.

पाचवे, स्क्रू समोरासमोरचे जोडीने सोडावेत. प्लेट निघाली की लायनर खाली सरकू पाहते. तेव्हा एकाने लायनर हाताने धरावे आणि दुसऱ्याने काम करावे. हे काम एकट्याचे नव्हे.

सहावे, तडकलेले कडे काढावे. पत्र्याच्या किंवा फायबरच्या भिंतीत ते मागच्या बाजूने नटने आवळलेले असते. तिथे बाहेरून माती उकरून मागे जावे लागते. काँक्रीटच्या भिंतीत आजूबाजूचे काँक्रीट फोडावे लागते, म्हणून त्याची मजुरी आधीच वेगळी ठरवावी. पाइप जोडताना सॉल्व्हेंट सिमेंटचा एक थेंबही लायनरवर पडू देऊ नये. जे द्रव्य पी.व्ही.सी. पाइप विरघळवून जोडते, तेच लायनरही विरघळवते. जोड पक्का होण्यास डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्यावा.

सातवे, नवे कडे खुणेप्रमाणे असे फिरवून बसवावे की त्याची स्क्रूची भोके लायनरच्या जुन्या भोकांसमोर येतील. हे चुकले तर जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोके पडतात, आणि दोन भोकांमधली चिंधी पहिल्या ताणाला तुटते. काजेच्या शेजारी काज पाडले तर शर्टाचे काय होते, ते शिंप्याला सांगायला नको.

आठवे, थर बहुतेक फिटिंगमध्ये असे असतात : भिंतीतले कडे, त्यावर गॅस्केट, मग लायनर, पुन्हा गॅस्केट आणि सर्वांत वर प्लेट. गॅस्केट आणि कड्याचा पृष्ठभाग स्वच्छ पुसावा. वाळूचा एक कणही गळतीला पुरतो. वर-खाली समोरासमोरच्या दोन भोकांतून दोन लांब स्क्रू किंवा बोथट टोचे घालून सगळे थर एका रेषेत धरावेत. मग मधले स्क्रू लावावेत आणि शेवटी ते दोन काढून तिथे नेहमीचे स्क्रू लावावेत.

नववे, स्क्रू हातानेच आवळावेत. ड्रिल मशीनने प्लास्टिकचे आटे एका क्षणात जातात. मोटारीच्या चाकाचे नट जसे समोरासमोर थोडे थोडे आवळतो, तसे तीन फेऱ्यांत आवळावे. गॅस्केट सगळीकडे सारखे दबले पाहिजे. रबराला ग्रीस लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियमचे ग्रीस रबर फुगवते.

दहावे, पाणी हळूहळू भरावे. फिटिंगच्या वर पातळी आली की थांबून पुन्हा रंगाची परीक्षा घ्यावी. दुसऱ्या दिवशी बादलीची परीक्षा करून मगच पैसे मागावेत.

नवे लायनर असेल तर

तयार जोडून आलेले नवे लायनर टाकताना फिटिंगचे भोक आधी कापू नये. पाणी फिटिंगच्या जरा खाली येऊ द्यावे. तोवर लायनर ताणून आपल्या जागी बसते. मग आधी प्लेट आवळावी आणि नंतर आतले वर्तुळ कापावे. धार एका दमात गोल फिरली पाहिजे. कडेला बारीक चीर राहिली तर फाटणे तिथूनच सुरू होते. ताडपत्रीच्या भोकाला पितळी रिंग का मारतात? ताण एका टोकावर न येता सगळ्या गोलावर वाटला जावा म्हणून. तलावातील प्लेट म्हणजे तीच रिंग. ठिगळही याच नियमाने गोल कापावे. चौकोनी ठिगळाचा कोपराच सर्वांत आधी सुटतो.

हिशोबाची बाजू

काम घेताना तीन गोष्टी कागदावर लिहून दोघांनी सही करावी. लायनर किती वर्षांचे आहे, काम नेमके कोणते, आणि काम करताना जुना माल फाटला तर जबाबदारी कोणाची. लायनर बोटाने दाबून पाहावे. कडक लागले, रंग उडालेला दिसला, तर मालकाला स्पष्ट सांगावे की हे दुरुस्तीच्या पलीकडे जात आहे. असे सांगितल्याने एखादे काम जाईल, पण भाच्यावर आली तशी वेळ येणार नाही.

ज्या हॉटेलात नुकसान झाले, त्याच मालकाने पुढच्या वर्षी दुसऱ्या फिटिंगसाठी भाच्याला पुन्हा बोलावले. हप्ते वेळेवर येत होते, हे त्याने पाहिले होते. या वेळी भाच्याने पाणी वीतभरच उतरवले, बरोबर एक ताडपत्री शिवणारा मित्र घेतला, आणि काम दुपारी सुरू करून दिवस मावळण्याआधी पुरे केले. दुसऱ्या दिवशी बादलीतले आणि तलावातले पाणी एकाच रेषेवर होते. त्या मजुरीतून शेवटचा हप्ता फिटला.

आमच्या भागातील नळकाम करणारे, रेक्झिन आणि ताडपत्री शिवणारे बांधव हे काम दोघे मिळून घेऊ शकतात. एकाला पाइप कळतो, दुसऱ्याला ताण. हॉटेलवाले अशा कामासाठी पुण्या-मुंबईहून माणूस बोलावतात आणि त्याच्या येण्या-जाण्याचाही खर्च भरतात. ते काम मेढ्यातच होऊ शकते. मात्र पहिला तलाव हातात घेण्याआधी जुन्या लायनरचा एक तुकडा मिळवावा, फळीवर एक फिटिंग बसवावे आणि चार वेळा काढून-घालून हात बसवावा.