जटायूचा तुटलेला पंख

मुळशी तालुक्यातील माण गावापासून वायव्येकडे निघून पवनेचे खोरे ओलांडले की पुढे इंद्रायणीच्या खोऱ्यात मळवली लागते. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील या लहानशा स्थानकावर बहुतेक प्रवासी उतरतात ते कार्ले आणि भाजे येथील लेणी पाहण्यासाठी. परंतु एके काळी याच मळवलीहून देवादिकांची रंगीत चित्रे दूरदूरच्या गावी जात असत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आणण्यात आला. गुळगुळीत दगडावर चित्र उतरवावयाचे, प्रत्येक रंगासाठी निराळा दगड घ्यावयाचा आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवावयाचे, अशी ती पद्धत होती. १९७२ मध्ये तो कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. पण त्यापूर्वीच त्यातील लक्ष्मी-सरस्वती असंख्य घरांच्या भिंतींवर जाऊन बसल्या होत्या.

त्या लक्ष्मीकडे पाहिले म्हणजे मन शांत होते. रविवर्म्यांचे ‘जटायुवध’ हे चित्र मात्र मनाला स्वस्थ बसू देत नाही. या प्रसंगाचे त्यांनी रंगविलेले तैलचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रशाळेत आहे.

प्रसंग अरण्यकांडातील आहे. रावण सीतेला पळवून नेत असता वृद्ध जटायू त्याच्या आडवा येतो. दशरथाचा हा जुना मित्र वयाने थकलेला आहे, तरी तो रावणाचा रथ मोडतो. अखेर रावण खड्ग उपसून त्याचे पंख छाटतो.

एवढ्या मोठ्या कथेतून चित्रकाराने एकच क्षण निवडला. घाव बसला आहे, पंख तुटून निखळला आहे, पिसे उडत आहेत; खड्ग मात्र अजून वर उगारलेलेच आहे. आणखी थोडा आधीचा क्षण घेतला असता तर जटायू वाचेल अशी आशा राहिली असती, आणि थोडा नंतरचा घेतला असता तर सारे संपलेले दिसले असते.

आता चित्रातील रेषा पाहाव्यात. आडवी रेषा निजलेल्या माणसासारखी स्वस्थ असते. उभी रेषा देवळापुढच्या दीपमाळेसारखी स्थिर असते. तिरपी रेषा मात्र कोसळणाऱ्या झाडाची असते. ‘जटायुवधा’त खड्ग धरलेला हात, सीतेचे मागे झुकलेले शरीर, पक्ष्याचा उरलेला पंख, सारेच तिरपे आहे. त्यातच ही झुंज अंतराळात चालली आहे. कोणाच्याही पायाखाली जमीन नाही. म्हणून चित्र पाहणाऱ्याला आपलाही तोल जातो की काय असे वाटते.

रावणाला येथे दहा तोंडे नाहीत. त्याला एकच मुख व दोनच हात आहेत. हे चित्रकाराने फार चांगले केले. दहा तोंडांचा राक्षस पाहून आपण नवल करतो; पण दुर्बळावर शस्त्र उगारणारा माणूस पाहिला की चीड येते.

आणि सीता? तिने हाताने आपले तोंड झाकून घेतले आहे. तिचे दुःख चित्रकाराने दाखविलेच नाही. ते पाहणाऱ्याच्या मनावर सोपविले. रंगविलेल्या अश्रूंनी कदाचित एवढे काम केले नसते.

उगारलेले शस्त्र, झाकलेला चेहरा आणि तिरप्या रेषा यांचा असा मेळ युरोपातही दिसतो. सतराव्या शतकात तिकडे जी कला बहरली तिला ‘बरोक’ म्हणतात. हा शब्द ओबडधोबड मोत्याच्या पोर्तुगीज नावावरून आला, असे मानतात. धर्मकथा नुसती समजू नये, ती पाहणाऱ्याच्या अंगावर यावी, अशी या चित्रकारांची धडपड असे. हॉलंडचा रेम्ब्रँट याने १६३५ मध्ये बायबलमधील अब्राहामाची कथा रंगविली. हे चित्र रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी देण्यास निघाला आहे. मुलगा सरणावर पडला आहे, त्याचे हात मागे आहेत आणि उजेड त्याच्या उघड्या छातीवर पडला आहे. बापाने एका हाताने त्याचे सारे तोंड झाकले आहे. इतक्यात देवदूत येऊन बापाचे दुसरे मनगट पकडतो. मुठीतून निसटलेली सुरी हवेतच आहे! ती अजून जमिनीवर पडलेली नाही.

त्या चित्रातील हत्यार हातातून सुटले आहे, कारण हात धरणारा वेळेवर आला. रविवर्म्यांच्या चित्रात आकाशातून कोणी येत नाही. मदतीला जो आला, तोच कोसळत आहे.

रविवर्मा तैलचित्रणाची युरोपीय रीत कोणत्याही विद्यालयात शिकले नव्हते. त्रावणकोरच्या दरबारी आलेल्या एका युरोपीय चित्रकाराचे काम बाजूला उभे राहून पाहावे आणि मग स्वतः प्रयत्न करावे, अशी त्यांची शाळा होती. त्यांची पात्रे रंगभूमीवरील नटांसारखी दिसतात, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. ‘जटायुवधा’तील रावणाचा आविर्भावही नाटकी आहे. पण पक्षी नाटक करीत नाही. चोच वासून तो खाली चालला आहे, आणि रावण एवढा थोरला असूनही आपली नजर पुन्हा पुन्हा त्या पक्ष्याकडेच वळते.

कथेप्रमाणे जटायू येथे मरत नाही. राम येईपर्यंत तो प्राण धरून राहतो, सीतेला कोणी नेले ते सांगतो आणि मगच देह ठेवतो. राम पुत्राप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार करतो. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात टाकेद नावाचे तीर्थ आहे. जटायू पडला तो येथेच, असे तेथील लोक श्रद्धेने सांगतात.