कॅबची मंजुरी कशाला?

प्रश्न : मुलगा पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर लागला आहे. फोन केला की ‘चेंज रेझ केलाय, कॅबचं अप्रूव्हल यायचंय’ हेच ऐकू येतं. संगणकात काही बदलायला एवढ्या मंजुऱ्या कशाला?
– एक वाचक, तुकईथड (जि. बुऱ्हाणपूर)

उत्तर : ही कॅब म्हणजे बदल तपासणारी सल्लागार समिती. 1980च्या दशकात ब्रिटिश सरकारने आयटी सेवा चालवण्याची शिस्त लिहून काढली. तिचं नाव आयटिल. तुमच्या चिरंजीवांची भाषा तिथली आहे.

तिच्यात बदल तीन जातींचे. ‘स्टँडर्ड’ म्हणजे नेहमीचा, पायऱ्या लिहून ठेवलेला; एकदा मान्य झाला की दरवेळी विचारायचं नाही. ‘नॉर्मल’साठी अर्ज करायचा, परिणामांचा अंदाज घ्यायचा, मंजुरी आणि वेळ मिळवायची, शिवाय फसलं तर मागे कसं यायचं तेही लिहायचं. ‘इमर्जन्सी’ला थांबायला फुरसत नसते. डिसेंबर 2021मध्ये ‘लॉगफोरजे’ या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेतलं भगदाड उघडं पडलं, तेव्हा ते बुजवायला जगभर अशीच धावपळ झाली. मंजुरी तिथेही लागते. पण मोजकी माणसं ती फोनवर देतात आणि कागद मागाहून होतात.

तुमच्याकडचंच पाहा. स्टेशनातला दिवा बदलायला कोणी सभा भरवत नाही. अकोला–खांडवा मीटरगेज ब्रॉडगेज करायचं ठरलं, तेव्हा मात्र वाटेत मेळघाटचे वाघ होते, आणि मार्ग कुठून न्यायचा यावरच वर्षानुवर्षं खल झाला.

पण आकारावर जाऊ नका. 13 जुलै 2024ला एचडीएफसी बँकेने आपली मुख्य संगणक यंत्रणाच नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली. दुसरा शनिवार निवडला, पहाटे 3 ते दुपारी 4.30 ही वेळ ग्राहकांना आधी कळवली. सहाच दिवसांनी, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटीशी, रोजच्यासारखी फाइल पाठवली आणि जगातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे झाले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. ती फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहिली नव्हती. एकदम सगळीकडे गेली. ‘नेहमीचंच आहे’ हा शिक्का मला सगळ्यांत जास्त धोक्याचा वाटतो, तो यामुळेच.

मंजुऱ्यांचा सोपस्कार होतो, हेही खरं. रोलबॅकच्या, म्हणजे मागे येण्याच्या, रकान्यात ‘पूर्ववत करू’ एवढंच लिहिलेले अर्ज बिनबोभाट पास होतात. पुढच्या फोनला मुलाला विचारा : ते पूर्ववत करणं कोणी एकदा तरी करून पाहिलंय का?