नळी बाहेर येणारा कॅमेरा गाडीवर नेऊ नकोस

परवा तू फोनवर विचारलंस, "मोठेबाबा, बाईकवरून भामरागडला जायचं आहे, कोणता कॅमेरा घेऊ?" फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून लिहायला बसलो.

१९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी मी बांधकाम खात्यात लागलो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर रपट्यांचे, मोऱ्यांचे फोटो काढून आणायचं काम पुढं तीस वर्षं माझ्याकडं होतं. राजदूतवर मी, खांद्याला झोळा, झोळ्यात कॅमेरा. मेगापिक्सेल किती ते तुला दुकानदार सांगेल. आपल्या रस्त्यांवर कॅमेरा कशानं मरतो, ते मी सांगतो.

तो धुळीनं मरतो, पोरी. पाण्यानं गेलेले मी कमी पाहिले. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर एका एप्रिलमध्ये माझा चांगला महागाचा डिजिटल कॅमेरा गेला. बटण दाबलं की लेन्सची नळी पुढं येते, त्यातला होता. समोरून ट्रक गेला, फुफाटा उडाला आणि मी घाईघाईत तिथंच कॅमेरा बाहेर काढला. नळी अर्धी आली, कर्रर्र वाजली आणि अडकली. झाडाखाली बसून नीट पाहिलं. नळी आणि तिच्याभोवतीचं कडं यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, तिच्यात मुरमाचा एक तांबडा कण रुतून बसला होता. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. नागपूरला दुरुस्तीला नेला, तर सांगितलेला खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला. आता तर आष्टी-आलापल्लीकडं सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात आणि घुग्गुसच्या बाजूला कोळशाची भुकटी उडते. ही धूळ मुरमाहून बारीक.

तेव्हा लेन्स आतल्या आत सरकणारा, बंद पेटीसारखा कॅमेरा घे. माझं मत ऑलिंपसच्या टफ मालिकेला. टीजी-६ हा २०१९चा आणि २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या नावानं आलेला टीजी-७ जवळजवळ तसाच. १५ मीटर पाण्यात चालतो आणि २.१ मीटरवरून पडला तरी टिकतो, असं कंपनी सांगते. आपल्याला काही वैनगंगेत बुडी मारायची नाही, पण ज्या पेटीत पंधरा मीटर खोलीचं पाणी शिरत नाही तिच्यात फुफाटाही शिरत नाही. रिकोचा डब्ल्यूजी-६ याच जातीचा. एक उणीव आधीच सांगून ठेवतो. यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळं सागाच्या दाट बनात संध्याकाळी पाचनंतर चित्र दाणेदार येतं. ते चालवून घे.

कुणीतरी तुला रिकोचा जीआर सुचवेल. चित्राच्या बाबतीत तो फार वरचा, सेन्सर मोठा, सेकंदाच्या आत चालू होतो, खिशात मावतो. पण त्याचीही लेन्स पुढं येते आणि सेन्सरवर धूळ बसल्याची तक्रार त्याच्याबद्दल नेहमीची आहे. मार्कंड्याच्या देवळाचं कोरीवकाम टिपायला हिवाळ्यात डांबरी रस्त्यानं जाणार असशील तर खुशाल ने. भामरागडला नको.

फोन आहेच ना, असं तुझा बाप म्हणेल. त्याला सांग, मोटरसायकलच्या हँडलला फोन बांधल्यानं आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलनं २०२१ मध्ये दिला आहे. शिवाय ताडोबाच्या सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत.

दुकानात गेलीस की हातमोजे घालून जा. गाडीवर घालतेस तेच. कॅमेरा बंद कर, जॅकेटच्या खिशात टाक, मग बाहेर काढ, चालू कर, फोटो घे. मनात एक-दोन-तीन म्हण. तीन म्हणायच्या आत क्लिक झालं पाहिजे. हातमोज्यातल्या बोटाला चालू करायचं बटण सापडत नसेल तर तो कॅमेरा परत ठेव, कितीही भारी असो. चटकन तयार होणारा कॅमेरा कसा असतो ते सांगतो. १९७९ साली ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानींनी एक्सए नावाचा छोटा फिल्म कॅमेरा काढला. त्याला वेगळं टोपणही नको आणि पिशवीही नको, पुढचं झाकण सरकवलं की कॅमेरा तयार. त्याच वाटेनं पुढं १९९१ मध्ये म्यू आला. तो मी नागपूरच्या सीताबर्डीत जुना घेतला आणि निवृत्तीच्या जवळ येईपर्यंत वापरला. झाकण अंगठ्यानं सरकवायची सवय अजून बोटात आहे.

जुना टफ घेणार असशील तर आधी बॅटरीचं झाकण उघड. आत काठाला रबराची बारीक पट्टी दिसेल, तिला सील म्हणतात. तिच्यावर नख हळूच फिरव. रबर मऊ लागलं पाहिजे, कुठं चीर नको. तिच्यावर एक केस जरी आडवा राहिला तरी पाणी आत जातं. लेन्सच्या काचेमागं धुकं दिसलं तर सौदाच नको. नवा असो की जुना, सील वर्षातून एकदा बदलून घे आणि झाकण रस्त्यावर कधी उघडू नकोस. बॅटरी, कार्ड जे बदलायचं ते मुक्कामी, हात धुऊन, पंख्याखाली न बसता.

उन्हाचंही ऐक. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतच वापरा असं छापलेलं असतं, आणि चंद्रपूरचा मे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला जातो. टाकीवरची काळी बॅग त्याहून तापते. कॅमेरा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळायचं सुचेल, ते करू नकोस. पाठीवरच्या पिशवीत कपड्यांच्या मधे ठेव. एसीच्या खोलीतून निघालीस तर दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू दे, नाहीतर काच धुरकटते.

चालत्या गाडीवरून फोटो नाही. उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि कॅमेऱ्याचं बटणही उजव्या हाताचं, एवढ्यावरून समजून घे. थांब, स्टँड लाव, दोर मनगटात अडकव, मग काढ. मात्र पद्मापूर-मोहर्ली किंवा चंद्रपूर-मूल रस्त्यावर दिवस मावळताना थांबायचंच नाही. तिथं वाघ खरोखर रस्त्यावर येतो. हत्तींचा कळप २०२१ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत आला आहे, तो दिसला तर कॅमेऱ्याला हात न लावता गाडी वळव. पोलिसांच्या ठाण्यांचे, चौक्यांचे फोटो काढू नकोस, विचारपूस होते आणि ती रास्तच आहे.

शेवटचं माणसांबद्दल, आणि यावर मी हटून बसेन. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया दिसतील. तो उजेड, ती पिवळट फुलं, टोपल्या, सगळं सुंदर असतं आणि हात आपोआप खिशाकडं जातो. जाऊ देऊ नकोस. गाडी लांब उभी कर, हेल्मेट काढ, जोहार कर, दोन शब्द बोल. नंतर विचार. नको म्हणाल्या तर नको. कॅमेरा चपळ हवा म्हणून एवढं सांगितलं ते पाखरासाठी, ढगासाठी, रपट्यावरून वाहणाऱ्या पाण्यासाठी. माणसाच्या बाबतीत घाई करायची नसते.

ज्यांचे फोटो घेशील त्यांच्या गावाचं नाव वहीत लिहून ठेव. चंद्रपूरला परतलीस की पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढून घे आणि पुढच्या खेपेला घेऊन जा. पावसाळ्याच्या आधी जा, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो.