एकटीने जाऊन बस

अगं, खोली मिळाली, गादी आली, कुलूप-किल्लीचं झालं. आता जेवणाचं बोलू. आईने लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट सगळं बांधून दिलंय, ते मला माहीत आहे. ते सरेल तेव्हा काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो आत्ताच सोडवून ठेवायचा असतो.

पुण्यात कुठे काय खावं हे सांगणारे तुला पावलोपावली भेटतील. इथली मिसळ, तिथली बिर्याणी, अमक्याची मस्तानी. ते सगळं खा, हळूहळू खा. पण ताई म्हणून माझं सांगणं थोडं वेगळं आहे. पहिल्या महिन्यात अशा चार-दोन जागा शोध, जिथे तू एकटी जाऊन, पुस्तक उघडून, कुणाची वाट न बघता पोटभर खाऊन उठशील. मैत्रिणी होतील गं, पण त्यांच्या वेळा आणि तुझी भूक नेहमी जुळत नाहीत.

हे एवढं का सांगते, ऐक. मेस रविवारी रात्री बंद असते. दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी, हा बहुतेक मेसचा नियम. त्या रात्री खोलीतली जोडीदारीण गावी गेलेली असली की आपल्याकडच्या कितीतरी मुली बिस्किटाच्या पुड्यावर झोपतात. पैसे असतात, भूक असते, खाली उतरलं की हॉटेल असतं. पण ‘एकटी मुलगी हॉटेलात कशी बसणार’ हे घरून डोक्यात घालून आणलेलं असतं. आपल्या गावात बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एकटी बाई बसली की सगळे वळून बघायचे. पुण्यात कुणी बघत नाही. बघितलं तरी पुढच्या क्षणी आपल्या ताटात मान घालतात.

या शहराने शिकायला आलेल्यांचं पोट फार पूर्वीपासून सांभाळलंय. गरीब घरची मुलं वार लावून जेवायची, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलं माधुकरी मागून आणून शिकली. पुढे खानावळी आल्या, बोर्डिंगं आली. पण हे सगळं मुख्यतः मुलग्यांसाठी होतं. शिकणाऱ्या मुलीने स्वतःच्या पैशाने, एकटीने, टेबलाशी बसून जेवणं ही त्या मानाने नवी गोष्ट आहे. म्हणून म्हणते, संकोच करू नकोस. तुझी जागा आहे तिथे, बस.

आता जागा सांगते. माझी निवड कशावर आहे तेही सांगून ठेवते: मालक किंवा त्याच्या घरचं कुणीतरी गल्ल्यावर असतं, शाखांचं जाळं नाही आणि स्वयंपाकाला स्वतःची चव आहे. मॉलमधल्या साखळी दुकानांचं मला काही सांगायचं नाही, ती तुला कुणी न सांगताच सापडतील.

तुझं कॉलेज फर्ग्युसन रस्त्यावर, म्हणजे वैशाली आणि रूपाली हाकेच्या अंतरावर. उडुपीच्या बाजूने आलेल्या जगन्नाथ शेट्टींनी पन्नाशीच्या दशकात इथे बस्तान बसवलं आणि फर्ग्युसनच्या किती पिढ्या त्या टेबलांवर वाढल्या याला गणती नाही. शेट्टी २०२३ मध्ये गेले. वैशालीत सकाळी लवकर जा, पहिल्या तासिकेच्या आधी. तेव्हा फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी असतात, वर्तमानपत्रं उघडलेली असतात, एकट्या माणसाला लगेच जागा होते. म्हैसूर मसाला डोसा भारी असतो, पण रोजच्यासाठी इडली-सांबार आणि फिल्टर कॉफी पुरे. संध्याकाळी एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, खायला झुंबड असते, नाव लिहून दारात उभं राहावं लागतं. ते सगळ्यांबरोबर जाण्याचं खाणं आहे, एकटीने त्या रांगेत उभी राहू नकोस. रूपाली मला जास्त आवडते, हे खुलेपणाने सांगते. तिथे बसल्यावर उठायची घाई वाटत नाही.

डेक्कनच्या कोपऱ्यावर गुडलक, १९३५ पासूनचं. इराणी चहा आणि बन-मस्का. बन मऊ असतो, लोणी सढळ हाताने लावलेलं असतं, तुकडा चहात बुडवायचा आणि तवंग आला तरी तसाच प्यायचा. अंडं खात असशील तर भुर्जी घे, मटण चालत असेल तर खिमा-पाव. अशा जुन्या कॅफेत गर्दी झाली की तुझ्या टेबलावर समोर अनोळखी माणूस येऊन बसू शकतो. ती पद्धतच आहे, दचकू नकोस. तो त्याचा चहा पिऊन जातो. बसायचं असेल तर गल्ल्याजवळचं टेबल धर, तिथे वेटरचंही लक्ष असतं आणि मालकाचंही.

परीक्षेच्या दिवसांत टिळक रस्त्यावर, एस. पी. कॉलेजच्या आसपास जा. तिथल्या तिलक नावाच्या हॉटेलात सकाळी उभ्या-उभ्या खिचडी नि चहा घेणारी मुलं दिसतील, निम्म्यांच्या हातात स्पर्धा परीक्षेच्या नोट्स. तिथलं बोलणं कानावर पडलं तरी अभ्यासाला बसावंसं वाटतं. त्याच रस्त्यावर बादशाही आहे. नुसती पाटी बघून पुढे जाऊ नकोस. घरापासून लांब राहणाऱ्यांचं जेवण ही तिची जुनी ओळख आहे. पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर, रोज खाता येईल असं. गर्दीच्या वेळी नंबर लावावा लागतो आणि वाढणारे घाईत असतात, म्हणून दुपारी जरा आधी जा. आठवड्यातून एकदा तरी असं ताट पोटात गेलं पाहिजे. नाश्त्याच्या पदार्थांवर आठवडे काढणाऱ्या मुलींचे केस गळतात, डोकं दुखतं, मग त्या डॉक्टरकडे जातात. आधी वरण-भात खा म्हणावं.

तिथेच कॉलेजच्या शेजारी एसपीजची साजूक तुपातली बिर्याणी मिळते. घरच्यांना सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल, तुझं तू बघ.

आता मिसळ. याबाबतीत मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या भागातून आलेल्या जिभेला पुण्यातली पहिली मिसळ हमखास नाराज करते. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकर आहेत. बशी समोर येते तेव्हा नीट बघ: तळाशी पोहे आणि बटाट्याची भाजी, त्यावर फरसाण नि शेव, मग रस्सा, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. आणि पावाच्या जागी स्लाइस ब्रेड. आधी रस्सा एकटा चाख. तो किंचित गोडसर लागेल, मसाला मागाहून येतो. आपल्याला घरच्या काळ्या मसाल्याची सवय, त्यामुळे ‘हे काय गुळचट’ असं तोंडावर येईल. थांब. सगळं एकदम कालवू नकोस, कडेकडेने खा, शेव अर्धी कुरकुरीत आणि अर्धी भिजलेली असताना. रस्सा संपला की ‘सॅम्पल’ मागायचं, रश्श्याला इथे तेच म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ही चव कळते, आणि कळली की सुटत नाही. तोवर झणझणीतच हवं असेल तर कर्वे रस्त्यावर काटाकिर्र आहे. तिथे तिखटाच्या पायऱ्या असतात, पहिल्यांदा मधली सांग. आपण मराठवाड्याचे म्हणून थेट वरची मागून डोळ्यांतून पाणी काढण्यात काही शौर्य नाही. शनिपाराजवळ श्री उपहारगृह आहे, तेही जुनं आणि नेमकं. मिसळीला दुपारच्या आधी जायचं, नंतर संपते किंवा उरलेल्याला ती मजा राहत नाही.

पेठेतल्या दुकानांत तुला पाट्या दिसतील, बोलणंही थोडं तुटक वाटेल. ‘सुट्टे द्या’, ‘संपलं’, ‘एकनंतर या’. मनाला लावून घेऊ नकोस. तो तुझा अपमान नसतो, सगळ्यांनाच तसं बोलतात. चार वेळा गेलीस, पैसे मोजून दिलेस, ताट स्वच्छ करून उठलीस की तोच माणूस ‘आज उशीर झाला?’ असं विचारतो. घरापासून लांब असताना एवढं एक वाक्यही पुष्कळ असतं गं.

लक्ष्मी रोडवर पूना गेस्ट हाउस आहे. १९३५ साली नानासाहेब सरपोतदारांनी सुरू केलं. ते मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक, त्यामुळे नाटक-सिनेमातल्या माणसांचा तिथे कायम राबता राहिला. डाळिंबी उसळ मिळाली तर नक्की घे, साबुदाणा वडा आणि थालीपीठही. आई आली की तिला इथे ने. तिला परकं वाटणार नाही आणि तू बरं खातेस याची खात्री पटेल.

कॅम्प वेगळं गाव आहे, तिथे अर्धा दिवस हाताशी ठेवूनच जा. दोराबजी अँड सन्स १८७८ पासूनचं, पारशी जेवण, बिर्याणी, धनसाक. धनसाक हे पारशी घरांतलं रविवारचं जेवण, डाळ आणि मटण एकत्र शिजवलेलं, सोबत तपकिरी भात. जड असतं, खाऊन वाचनालयात जायचा बेत करू नकोस. महात्मा गांधी रोडवर मार्झोरिनमध्ये सँडविच स्वस्त आणि ताजे. ढोले पाटील रस्त्यावर वोहुमन, चीज ऑम्लेटसाठी. कॅम्पमध्ये मात्र एखादी मैत्रीण घेऊन जा. एकटीने जाण्यात भीती नाही, पण हे पदार्थ वाटून खाल्ले तर दोघींच्या पैशात चार गोष्टींची चव होते.

चहाचं सांगायचं राहिलं. ‘अमृततुल्य’ अशी पाटी आता गल्लोगल्ली दिसते, त्यातली बरीचशी नव्या धर्तीची, एकसारख्या रंगाची, शाखांवर शाखा. तू जुनी शोध. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी ही दुकानं पेठांमध्ये वसवली. चहा करणारा उंच ओट्यावर मांडी घालून बसलेला असतो, समोर पितळी पातेलं, शेजारी खलबत्ता. आलं, वेलची तुझ्यासमोर कुटली जाते, चहा उकळताना डावाने वर उचलून परत सोडला जातो, मग फडक्यातून केटलीत गाळला जातो. दूध आणि साखर जास्त असते, म्हणून कपही लहान असतो. रात्री जागायचं असेल तर हा चहा पी, पण रिकाम्या पोटी नको. मुली हेच करतात, चहावर चहा आणि जेवण नाही.

विद्यापीठात कधी कामाला गेलीस, फॉर्म, गुणपत्रिका वगैरे, तर अनिकेत कँटीनला बस. १९४९ पासूनचं विद्यापीठ, केवढी तरी झाडं, आणि खिडकीवरची कामं काही लवकर होत नाहीत. भुकेल्या पोटी रांगेत चिडचिड करण्यापेक्षा आधी काहीतरी खाऊन घे.

पैशाचं. महिन्याच्या सुरुवातीला मेसचे आणि खोलीचे देऊन जे उरेल, त्यातून बाहेरच्या खाण्याचे वेगळे काढ आणि वेगळ्या पाकिटात ठेव. त्यात रविवारच्या रात्रींचं जेवण आधी धर, मौज नंतर. कॅफेमध्ये एका कॉफीला जेवढे जातात तेवढ्यात पेठेत पोट भरतं, हे हिशेबात असू दे. मैत्रिणींनी महागड्या जागी बोलावलं आणि परवडत नसेल तर ‘आज जमणार नाही’ एवढंच सांग. कारणं देत बसू नकोस, उसने तर मुळीच घेऊ नकोस. ज्यांना तू हवी आहेस त्या दुसऱ्या दिवशी टपरीवरही येतील. आणि घरपोच मागवण्याची सवय लावून घेऊ नकोस. डिलिव्हरीच्या पैशांत एक नाश्ता होतो, शिवाय त्या जुन्या हॉटेलवाल्यांच्या हातात त्यातलं कमी उरतं. चालत जा, तिथे बसून खा, पैसे गल्ल्यावर दे.

रात्रीचं मात्र ऐक. हॉस्टेलचं दार बंद व्हायच्या अर्धा तास आधी परत. जेवायला जाताना वॉर्डनबाईंना किंवा शेजारच्या खोलीत सांगून जा, मोबाइल चार्ज असू दे, परतीचा रस्ता उजेडाचा निवड, जरी लांबचा असला तरी. हे मी भीती घालायला सांगत नाही. एवढं सांभाळलंस की बाकी सगळं शहर तुला मोकळं आहे.

येत्या रविवारी पहिली मेसबंद रात्र येईल. त्या दिवशी साडेसातला निघ आणि गुडलकला जाऊन बस. एकटीच जा. काय खाल्लंस ते मला रात्री फोनवर सांग. आणि पुढच्या महिन्यात कॅम्पला गेलीस तर कयानी बेकरीत सकाळी जा, दुपारी ती बंद असते. १९५५ पासून लोक तिथे श्रूजबेरीसाठी रांग लावतायत. अर्धा किलो माझ्यासाठी घे, दिवाळीला येताना आण, पैसे मी आजच पाठवते.