पुन्हा येतेस का आकाशात?

"ताई, तो नो मॅन्स स्काय गेम अजून कुणी खेळतं का गं?" असं परवा विचारलंस आणि मी उत्तर द्यायच्या आत विषय बदललास. तेवढ्यावरून मला कळलं, तुझं मन अजून तिथं अडकलंय. म्हणून आज निवांत लिहायला बसले. हो, खेळतात. मीही खेळते. रोज नाही जमत, पण सोडलेला नाही. आणि तू परत यावंस असं मला अगदी मनापासून वाटतं. फक्त येताना काय बरोबर घ्यायचं आणि काय घरी ठेवून यायचं, ते आधी बोलूया. एकदा मन खट्टू झालेलं असलं की दुसऱ्यांदा फार जपावं लागतं.

त्या गेमवरचा तुझा राग खोटा नव्हता, हे पहिल्यांदा सांगते. २०१३ च्या डिसेंबरात पहिला ट्रेलर आला तेव्हा जगभरातले लोक वेडावले होते. इंग्लंडमधलं गिल्डफर्ड गाव, तिथली हॅलो गेम्स नावाची मूठभर माणसांची कंपनी, आणि गोष्ट कसली, तर अख्ख्या विश्वाची! दोनाचा चौसष्टावा घात इतके ग्रह, म्हणजे १८ वर १८ शून्यं. प्रत्येक ग्रह गणितानं आपोआप घडणारा, कुणीही आधी न पाहिलेला. त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या दिवशी, पुराचं पाणी शिरून त्यांचं ऑफिस बुडालं. तरी ती माणसं उठली आणि पुढच्या उन्हाळ्यात सोनीच्या मोठ्या मंचावर उभी राहिली. तिथून अपेक्षांचा जो फुगा फुगत गेला, तो कुणाच्याच हातात राहिला नाही. २०१६ च्या मे महिन्यात गेम थोडा पुढं ढकलला, तर कंपनीचा प्रमुख शॉन मरे याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका खेळापायी! मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

मग ९ ऑगस्ट २०१६ ला गेम प्लेस्टेशनवर आला, तीन दिवसांनी पीसीवर. किंमत ६० डॉलर, म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांच्या गेमइतकीच. विश्व खरंच होतं. पण त्यात माणसं नव्हती. दुसऱ्या खेळाडूची गाठ पडू शकेल, फक्त विश्व एवढं अफाट आहे की शक्यता नगण्य, असं मुलाखतींतून सांगितलं गेलं होतं. आणि गेम आल्या आल्याच दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले. दोघंही आपापल्या पडद्यावर तीच जागा बघत होते. एकमेकांना मात्र दिसले नाहीत. लाखो लोकांचं मन त्या क्षणी मोडलं असं मला वाटतं. बग, अडखळणारी चित्रं, ट्रेलरमधल्या न सापडणाऱ्या गोष्टी हे सगळं होतंच. पण 'आपण इथं एकटेच आहोत' हे कळणं वेगळं. ब्रिटनच्या जाहिरात नियामक मंडळानं चौकशी करून नोव्हेंबरात जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निकाल दिला. पण असल्या निकालांनी मन कुठं वळतं?

गेम आल्यानंतर त्या लोकांनी काय केलं, ते बघ. ते गप्प बसले. कितीतरी दिवस एक शब्द नाही. बाहेर लोक शिव्या घालत होते आणि आत काम चालू होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिला मोठा अपडेट आला, फाउंडेशन. त्यात स्वतःचा तळ बांधता येऊ लागला. फुकट. मग २०१७ मध्ये गाड्या आल्या, त्याही फुकट. तेव्हापासून आजवर आलेला प्रत्येक मोठा अपडेट फुकट आहे. ज्यानं गेम एकदा घेतला, त्याच्याकडून पुन्हा पैसा मागितला नाही. हे मला फार मोठं वाटतं. चूक झाल्यावर स्पष्टीकरणं देणारे पुष्कळ भेटतात. तोंड मिटून वर्षानुवर्षं काम करून दाखवणारे फार थोडे.

तुझं दुखणं एकटेपणाचं होतं, म्हणून तेवढंच जरा नीट सांगते. ऑगस्ट २०१७ च्या अॅटलस रायझेस अपडेटमध्ये दुसरे खेळाडू पहिल्यांदा दिसले, पण कसे, तर हवेत तरंगणारे प्रकाशाचे गोळे म्हणून. चेहरा नाही, हात-पाय नाहीत. जवळ गेलं की आवाज ऐकू यायचा, बस. तेवढ्यानंसुद्धा लोक हरखले होते. मग २४ जुलै २०१८ ला नेक्स्ट आला आणि खरी माणसं उतरली. चार जणांनी मिळून हिंडायचं, एकत्र तळ बांधायचा, एकमेकांचं यान बघायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बियाँड आला. त्यानं अॅनॉमली नावाच्या गोल अवकाशतळाला सगळ्यांचा चौक करून टाकलं. कुठल्याही सूर्यमालेतून हाक मारलीस की तो समोर येतो. आत शिरलीस की यानं रांगेनं उभी असतात, एखादं निळं, एखादं काटेरी, एखादं जिवंत प्राण्यासारखं श्वास घेणारं. २०२० च्या जूनपासून प्लेस्टेशनवाले, एक्सबॉक्सवाले, पीसीवाले सगळे एकाच विश्वात खेळतात. त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये सातत्यानं चालू असलेल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार यालाच मिळाला.

आणि तुला सर्वांत आवडेल ते आलं २०२५ च्या ऑगस्टमध्ये, व्हॉयेजर्स अपडेटमध्ये. आता भाग जोडजोडून स्वतःचं मोठं यान बांधता येतं, त्याला कॉर्व्हेट म्हणतात. ते उडत असताना तू आतून चालू शकतेस. खोल्या आहेत, पलंग आहेत, खिडक्या आहेत. मैत्रिणीला बरोबर घेता येतं. परवा माझी एक मैत्रीण सुकाणूवर होती आणि मी मागच्या दाराशी उभी होते. खाली जांभळं गवत, लांबवर पाण्याची चकाकी, ढग यानाच्या पोटाला घासून जातायत. दार उघडलं आणि मी सरळ उडी मारली. जेटपॅक पेटवला, गवतात उतरले, वर बघितलं तर यान हळूहळू वळण घेऊन माझ्यासाठी खाली येत होतं. दोघीही काही बोललो नाही. तो पहिला ट्रेलर बघताना तुझे डोळे जसे मोठे झाले होते ना, तसं काहीतरी तिथं आहे गं. नऊ वर्षं उशिरा आलंय, पण आहे.

आता जे बदललेलं नाही, तेही ऐक. ग्रह अजूनही काही काळानं एकमेकांसारखे वाटू लागतात. २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जानेवारीत वर्ल्ड्स नावाचे दोन अपडेट आले. त्यांत पाणी, आकाश, डोंगर फार सुंदर झाले, नव्या सूर्यमाला आल्या, पण मूळ गणित गणितच आहे. सामानाची पिशवी अजूनही आईच्या माळ्यासारखी भरते; कार्बन कुठं, सोडियम कुठं, शोधत बसावं लागतं. कथा संथ आहे आणि पुष्कळ वाचायला लावते. एकत्र खेळताना कधी मैत्रिणीच्या तळाची भिंत तिला दिसते, आपल्याला दिसत नाही. तुला लढाया आणि चुरस हवी असेल तर हा गेम तुझा नाही, कधी नव्हताच. हिंडायला, बघायला, मांडायला आवडत असेल तरच ये.

ये, पण तुझ्या २०१६ च्या सेव्हवर येऊ नकोस. ते जपून ठेव, पुसू नकोस, पण उघडायचं ते नंतर कधीतरी. इतक्या वर्षांत ग्रहांचा चेहरामोहरा बदललाय. त्या जुन्या सेव्हमध्ये शिरलीस की अर्धवट मोहिमा, नावं बदललेल्या वस्तू आणि ओळखीचं काहीच नाही, अशी गत होते. पहिल्या तासात गोंधळून बंद करणारे बरेच जण याच वाटेनं गेलेले असतात. नवीन सेव्ह घे. अडचणीची पातळी 'रिलॅक्स्ड' ठेव. त्यात कमीपणा काही नाही. हवं तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन एकेक गोष्ट कठीण करता येते. हवेचा त्रास कमी, लढाई सौम्य, असं हवं तसं मांडून घे. दिवसभर नोकरीत दमून आलेल्या बाईनं विरंगुळ्यासाठी बसायचं आणि विषारी पावसात तीनदा मरायचं, हे कशासाठी?

सुरुवात मात्र सावकाश कर. अनोळखी ग्रहावर जाग येईल; मोडकं यान थोडं लांब असेल, ते आधी शोधावं लागेल. हेल्मेटमध्ये धोक्याची पट्टी उतरत असेल, घाबरू नकोस. पिवळी चमकणारी फुलं दिसतील, त्यांत सोडियम असतं, ते घेतलं की सूटचं कवच परत भरतं. लाल फुलात ऑक्सिजन. निळे स्फटिक म्हणजे डाय-हायड्रोजन, त्यापासून उड्डाणाचं इंधन बनतं. हे तीन रंग डोक्यात बसले की पहिला ग्रह तुझा. आणि यान पहिल्यांदा जमिनीवरून उठून, मध्ये एकदाही न थांबता, थेट काळ्या आकाशात शिरतं, तेव्हा बाकी काही करू नकोस. नुसती बघ.

त्यानंतर कथेमागे धावण्यापेक्षा एक्स्पिडिशन चालू असेल तर त्यात शीर. २०२१ च्या मार्चमध्ये हा प्रकार सुरू झाला. ठरावीक आठवड्यांसाठी जगभरातले सगळे एकाच ठिकाणाहून निघतात आणि एकाच वाटेनं जातात. म्हणजे ज्या खेळात दोन माणसं एका जागी उभी राहूनही भेटली नव्हती, त्याच खेळात आता पहिल्याच ग्रहावर पाच-सहा अनोळखी तळ बांधलेले दिसतात. कुणी वाटसरूंसाठी इंधनाचा साठा ठेवलेला असतो, कुणी पाटी लावलेली असते. तिथं मिळालेली बक्षिसं नंतर तुझ्या मुख्य सेव्हमध्येही घेता येतात.

एक गोष्ट कानात सांगते. अॅनॉमलीत नवखी दिसलीस की कुणीतरी अनोळखी माणूस येऊन गुपचूप तुझ्या पिशवीत फार महागाच्या वस्तू टाकून जाईल. तिथली ती जुनी रीत आहे आणि देणारे खरंच प्रेमानं देतात. हात हलवून आभार मान, पण त्या लगेच विकू नकोस. एका फटक्यात कोट्यवधी युनिट आले की पहिलं यान घ्यायची, पहिली पिशवी वाढवायची सगळी गंमत जाते. मग आठवड्याभरात 'आता काय करू?' म्हणून बसशील. एखाद्या पेटीत टाकून ठेव. बऱ्यापैकी फिरून झाल्यावर काढ.

आणि लोक चांगले आहेत म्हणून बेसावध राहू नकोस. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तुझा तळ कोण बदलू शकेल, तुझ्यावर कोण हल्ला करू शकेल, हे फक्त मैत्रिणींपुरतं करून टाक. आवाज आधी बंद ठेव. बाईचा आवाज ऐकून वेडंवाकडं बोलणारा एखादा कुठंही निघतो, त्याला उत्तर न देता सरळ म्यूट कर. खरं नाव, गाव, फोन नंबर कुणालाही नाही, कितीही गोड बोलला तरी.

राहता राहिला राग. तो सोडलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. कंपनीला माफ करणं आणि संध्याकाळी तासभर गेम खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गाठ मारू नकोस. तुला राग ठेवून खेळता येईल. पण ट्रेलरमधला तो २०१३ चा गेम शोधायला येऊ नकोस, कारण तो अजूनही कुठं नाही. आज जो आहे तो दुसराच आहे, आणि मला विचारशील तर जास्त मायेचा आहे, कारण त्यात आता माणसं आहेत. तीन-चार संध्याकाळी देऊन बघ. नाही रमलीस तर बिनधास्त बंद कर, मला स्पष्टीकरण द्यायची काही गरज नाही.

शनिवारी जेवणं आटपली की मी ऑनलाइन असेन. डाउनलोड मोठा आहे, तेवढा आदल्या रात्री लावून ठेव. फ्रेंड कोड मेसेजमध्ये पाठवते. आणि यान दुरुस्त करताना मला हाक मारू नकोस हं, ते तुझं तू कर. अवकाशात आलीस की मग बोलव.