निरोप घे, पण सांगून घे

पोरी, चिंचवडातली आपली मंडळी मुळात निरोप घेऊनच आलेली. नगरकडून, जालन्याकडून कुणी बजाजमध्ये लागलं, कुणी टेल्कोत. आईबापांच्या कबरी गावाकडे राहिल्या. आता तुमच्यातली मुलं परदेशी निघालीत. म्हणून हे ऐकून ठेव.

रडणाऱ्याला ‘विश्वास ठेव, रडू नकोस’ म्हणू नये. लाजराला आपण उठवणार हे प्रभू येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. मिलेतात इफिसच्या मंडळीचे वडील पौलाच्या गळ्यात पडून रडले, कारण आपलं तोंड पुन्हा दिसणार नाही हे त्याने लपवलं नव्हतं. वायसीएम रुग्णालयात कुणाला भेटायला गेलीस तर नुसती शेजारी बस. प्रार्थना करू का, हे विचार. नको म्हणाले तर मनात कर.

मंडळी बदलायची झाली तर गुपचूप येणं थांबवू नकोस. पाळकसाहेबांना स्वतः भेट, सभासदत्वाचं पत्र माग. संडेस्कूलच्या मुलांना तर नक्की सांग. न सांगता गेलेल्या माणसाची ती फार दिवस वाट बघतात.

तुझ्या भावाने उपासनेला येणं सोडलंय, त्यावरून मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांच्या नवऱ्याने, टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या संसारावर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळून. टिळकांनी त्यांना ओढून आपल्या धर्मात आणलं नाही. 1900 मध्ये बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाच एकदा. आणि भावाला दर फोनवर वचन ऐकवू नकोस, जेवलास का विचार.

सेकंड शिफ्ट करून आल्यावर सकाळच्या घरप्रार्थनेला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळव. कारणांची माळ लावू नकोस. नाही म्हणण्यात पाप नाही; कफर्णहूमात सगळे येशूला शोधत होते, तरी तो पुढच्या गावांना निघाला.

एक मात्र पक्कं धर. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला क्षमेची वचनं दाखवून परत पाठवतात, ते मला मान्य नाही. तिने क्षमा केली तरी त्या घरात परत जायलाच हवं असं नाही. तुझ्यासमोर तिला कुणी तसं सांगितलं तर तिला माझ्याकडे घेऊन ये. पाळकसाहेबांशी मी बोलेन.