लडाखमधील हिवाळा आणि शाळा

आपल्याकडे शाळेची मोठी सुट्टी उन्हाळ्यात येते. लडाखमध्ये ती हिवाळ्यात येते. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून मला या फरकाचे कुतूहल वाटले. बर्फामुळे शाळा बंद राहत असतील, अशी आपली सहज समजूत होते. वस्तुतः सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह शीत वाळवंटात मोडते. तेथे हिमवर्षाव बेताचाच. बर्फ अडवतो तो झोजी-लासारख्या खिंडी. वर्ग बंद पाडते ती थंडी. पाणी नळातच गोठते, झाडे विरळ असल्याने जळणही दुर्मीळ. म्हणून दोन-अडीच महिने सुट्टी.

याच काळात गाल्दान नामचोटचे दीप उजळतात आणि पाठोपाठ लोसार, म्हणजे लडाखी नववर्ष येते. शेतीची कामे थांबलेली, सारे घर एकत्र. मात्र झांस्करची कित्येक मुले सुट्टीनंतर लेहच्या वसतिगृहांकडे वडिलधाऱ्यांसोबत गोठलेल्या नदीवरून, ‘चादर’वरून, अनेक दिवस चालत जात. निमू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला तो २०२४ साली.

१९८८ साली स्थापन झालेल्या ‘सेकमोल’ संस्थेने फे गावाजवळ जाड मातीच्या भिंतींच्या, दक्षिणेकडे काचा असलेल्या इमारती उभारल्या. दिवसा साठलेले ऊन तेथे रात्री ऊब देते.

विदर्भातील शाळाही उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पण केवळ सुट्टी बदलून भागेल काय? माझ्या मते वेळापत्रकाइतकीच शाळेची इमारतही त्या भूमीच्या हवामानाला धरून असावयास हवी.